घाटमाथ्यावरची पुंजी

सह्याद्रीचा थळ घाट चढून गाडी माथ्यावर आली, कीं इगतपुरीचें स्थानक लागतें. कसाऱ्यापासून वर येतांना सदतीस फुटांस एक फूट अशी चढण आहे. एवढी चढण एकट्या इंजिनास झेपत नाहीं. म्हणून गाडीस जादा इंजिनांचा हातभार द्यावा लागतो, आणि माथ्यावर आल्यावर गाडी थोडी विसावते. गाडीच्या विसाव्याची वेळ वेळापत्रकांत छापलेली असते. परंतु तिला वर आणणाऱ्या मनुष्यानें कोणत्या वयीं विसावावें, आणि विसावल्यावर त्याच्या पुंजीच्या व्याजांतून सरकारनें किती घ्यावें, याचें वेळापत्रक मात्र गेल्या दीडशें वर्षांत अनेक वेळां बदललें आहे. त्या बदलांची हकीकत हा या भाषणाचा विषय होय.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें कसारा ते इगतपुरी हा मार्ग १ जानेवारी १८६५ रोजीं वाहतुकीस खुला केला. तेव्हांपासून इगतपुरी हें रेल्वेचें गांव झालें. इंजिनांची शेड, कामगारांच्या चाळी, साहेबांचे बंगले आणि इंजिनांच्या पाण्याची सोय हीं सर्व घाटाच्या गरजेंतून उभीं राहिलीं. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, फिटर, पॉइंट्समन आणि रुळांवर फिरणारे गँगमन अशी वस्ती येथें नांदूं लागली. या सर्वांचें काम अंगमेहनतीचें. घाटाचा पाऊस सर्वांस ठाऊक आहे. त्या पावसांत रात्रीच्या रात्री दिवा घेऊन रूळ तपासणाऱ्या मनुष्याचें शरीर पन्नाशीपूर्वींच थकतें. इंजिनावरच्या मनुष्याची दृष्टि मंदावली, कीं त्यास गाडी हांकतां येत नाहीं. म्हणून वेळेआधीं निवृत्त होणें ही गोष्ट या गांवास नवी नव्हे. नवा आहे तो त्या निवृत्तीकडे पाहणारा करकायदा.

प्राप्तिकर आणि थळ घाटाची लोहवाट या दोहोंचा जन्म जवळजवळ एकाच काळांतला आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थान सरकारच्या तिजोरीस मोठा खड्डा पडला होता. तो भरून काढण्यासाठीं जेम्स विल्सन यांनीं १८६० सालीं या देशांत प्रथम प्राप्तिकर आणिला. ज्यांची वार्षिक प्राप्ति २०० रुपयांहून कमी त्यांस माफी होती. जमीन, व्यापारधंदा, सरकारी रोखे, आणि पगार व पेन्शन अशा चार प्रकारांच्या प्राप्तीवर तो कर बसे. याचा अर्थ असा, कीं रोख्यांचें व्याज आणि पेन्शन हीं दोन्ही अगदीं पहिल्या दिवसापासून करकायद्याच्या दृष्टीस पडलेलीं होतीं. परंतु तीं दोन वेगळ्या खान्यांत टाकलेलीं होतीं. पुढील सर्व कथेचें बीज या दोन खान्यांत आहे. विल्सन त्याच वर्षीं कलकत्त्यास वारले. त्यांचा कायदा मुदत संपून १८६५ सालीं बंद झाला, म्हणजे ज्या वर्षीं इगतपुरीस पहिली गाडी पोंचली त्याच वर्षीं.

मध्यंतरीं कर येत जात राहिला. कायमचा म्हणावा असा कायदा १८८६ सालीं झाला. त्यांत शेतीच्या उत्पन्नास सूट होती आणि ५०० रुपयांच्या आंतील वार्षिक प्राप्तीस माफी होती. ५०० पासून २,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर रुपयास चार पै आणि त्यावरील पगारावर रुपयास पांच पै असा दर होता. दरमहा ६० रुपये मिळविणाऱ्या मनुष्याचा हिशेब पाहिला, तर त्याची वर्षाची प्राप्ति ७२० रुपये होई. तिच्यावर चार पैप्रमाणें २,८८० पै, म्हणजे बरोबर १५ रुपये कर येई. पंधरा रुपये म्हणजे पाव महिन्याचा पगार. साध्या कारकुनास आणि कसबी कामगारास हा भार लहान नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०२ सालीं वरिष्ठ कायदेमंडळांतील आपल्या पहिल्याच अंदाजपत्रकीय भाषणांत माफीची मर्यादा १,००० रुपयांपर्यंत वाढवावी अशी मागणी केली, आणि १९०३ सालीं ती मान्य झाली. पुढें १९१९ सालीं ती मर्यादा २,००० रुपये झाली. या वाढींनीं सामान्य रेल्वेकामगार बहुतांशीं कराच्या जाळ्याबाहेर गेला.

याच काळांत दुसऱ्या बाजूनें सरकार त्या कामगारास बचत करावयास शिकवीत होतें. १ एप्रिल १८८२ पासून देशभरच्या डाकघरांतून बचत बँका सुरू झाल्या. पहिल्या महायुद्धांत, १९१७ सालीं, डाकघराचीं कॅश सर्टिफिकिटें विक्रीस आलीं. दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ सालीं, राष्ट्रीय बचतीचीं प्रमाणपत्रें आलीं. सरकारास युद्धासाठीं पैसा हवा होता आणि गरिबास आपले चार पैसे सुरक्षित ठेवावयास जागा हवी होती. दोघांचें हित जुळलें, आणि या लहान ठेवींच्या व्याजास करांतून सूट मिळाली. लहान माणसाची बचत ही कर बसविण्याची नव्हे, तर जोपासण्याची वस्तु आहे, हा विचार या सुटीच्या मुळाशीं होता.

आतां रेल्वेच्या नोकराची स्थिति पाहावी. सरकारी कचेरींतील कारकुनास निवृत्तीनंतर पेन्शन मिळे. रेल्वेच्या नोकरास पेन्शन नव्हतें. त्याच्या पगारांतून दरमहा प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम कापली जाई, तींत कंपनी आपली भर घाली, आणि नोकरी संपली कीं ती सर्व पुंजी एकदम त्याच्या हातीं येई. तेथून पुढें तिचें काय करावयाचें हें त्याचें त्यानें पाहावयाचें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा कारभार १ जुलै १९२५ पासून सरकारनें आपल्याकडे घेतला, तरीहि ही पद्धति बदलली नाहीं. त्याच साली झालेल्या प्रॉव्हिडंट फंडाच्या कायद्यानें या निधीस सावकाराच्या जप्तीपासून संरक्षण दिलें, आणि १९२९ च्या दुरुस्तीनें खाजगी धंद्यांतील मान्य फंडांसहि प्राप्तिकरांत सवलती मिळाल्या. म्हणजे पुंजी फंडांत असेपर्यंत सुरक्षित होती. ती फंडांतून बाहेर पडून गुंतविली गेली, कीं संरक्षणाचें छत्र मिटे.

हें छत्र मिटल्यावर काय होई, तें १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यावरून कळतें. त्या कायद्यांत रोख्यांच्या व्याजावरील कर व्याज देण्याच्या वेळींच, तोहि चढ्यांत चढ्या दरानें, कापून घेण्याची तरतूद होती. ज्याची एकूण प्राप्ति करपात्र नसेल, त्यानें मागाहून अर्ज करावा आणि परतावा घ्यावा. कागदावर ही व्यवस्था न्याय्य होती. परंतु ज्यानें जन्मभर फावडें किंवा रेग्युलेटर हातीं धरला, त्यास इंग्रजी अर्ज भरून परतावा मागणें हें घाट पायीं चढण्यापेक्षां अवघड वाटल्यास नवल नाहीं. कर नसतांना कर कापला जाणें आणि तो परत मिळविण्याचा श्रम माथीं येणें, ही तक्रार अशी शंभर वर्षांची जुनी आहे.

१९४५ च्या अंदाजपत्रकानें या दोन खान्यांतील अंतर आणखी स्पष्ट केलें. त्या वर्षीं 'श्रमार्जित प्राप्ति' आणि 'अनर्जित प्राप्ति' असा भेद आपल्या करपद्धतींत आला, आणि श्रमार्जित प्राप्तीचा दहावा भाग, २,००० रुपयांच्या मर्यादेंत, करमुक्त ठरला. ज्यानें घाम गाळून मिळविलें त्यावर कराचा भार हलका असावा, हें तत्त्व उत्तम आहे. परंतु पगार व पेन्शन श्रमार्जित ठरलीं आणि ठेवीचें व्याज अनर्जित ठरलें. कचेरींतील कारकुनाचें पेन्शन श्रमाचें, आणि त्याच्याच शेजारच्या ड्रायव्हरच्या फंडाचें व्याज मात्र आयतें, असा त्याचा अर्थ झाला. वास्तविक दोन्ही एकाच झाडाचीं फळें होत. एकास मालकानें फळ महिन्याच्या महिन्यास तोडून दिलें. दुसऱ्यास झाडच उपटून हातीं दिलें आणि सांगितलें, कीं आतां तूंच याची निगा राख. त्या काळीं ज्यांची प्राप्ति करपात्र होती असे रेल्वेकामगार थोडे, म्हणून या भेदाची झळ फार जणांस लागली नाहीं. परंतु विचारांतील दोष झळ कमी लागल्यानें नाहींसा होत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर ही स्थिति पालटली. ५ नोव्हेंबर १९५१ रोजीं मध्य रेल्वेची स्थापना झाली आणि इगतपुरी तींत आली. १९५७ सालीं रेल्वेच्या नोकरांस पेन्शनची योजना लागू झाली. कामगारांस दोन वाटांतून एक निवडावयाची होती. फंडाची वाट धरावी, तर मोठी रक्कम एकदम हातीं पडे. पेन्शनची वाट धरावी, तर मरेपर्यंत दरमहा नेमणूक चाले. मुलींचीं लग्नें, घराचें बांधकाम आणि देणें या तीन गरजा ज्याच्या दारीं उभ्या असत, त्यास पहिली वाट आकर्षक वाटणें साहजिक होतें. परंतु नंतरच्या महागाईनें कौल दुसऱ्या वाटेस दिला. पेन्शनवर महागाईप्रमाणें वाढ मिळत गेली. फंडाच्या ठेवीवरील व्याजास तशी वाढ कोणी दिली नाहीं.

१९६१ चा प्राप्तिकर अधिनियम १ एप्रिल १९६२ पासून अंमलांत आला. त्याखालीं पेन्शन 'पगार' या सदरांत आणि ठेवीचें व्याज 'इतर मार्गांनीं होणारी प्राप्ति' या सदरांत गेलें. १९६७ सालीं या अधिनियमांत '८० एल' हें कलम घातलें गेलें. बँकेच्या ठेवींचें व्याज, डाकघरांतील कित्येक ठेवींचें व्याज आणि लाभांश यांना एका मर्यादेपर्यंत त्या कलमानें वजावट मिळे. ती मर्यादा वाढत वाढत अखेरीस १२,००० रुपयांपर्यंत आली. या कलमाचा एक मोठा गुण होता. तें कोणाचें वय विचारीत नसे. पन्नाशींत निवृत्त झालेला गँगमन, साठींतील मास्तर आणि चाळिशींतील विधवा या तिघांसहि त्याचा सारखाच आधार असे. अडतीस वर्षांनीं, २००५ च्या अंदाजपत्रकांत, सवलतींची गुंतागुंत कमी करण्याच्या हेतूनें हें कलम काढून टाकण्यांत आलें. बदल्यांत माफीची मर्यादा वाढली हें खरें. तरी बचतीच्या व्याजास स्वतःची म्हणून जी जागा होती ती गेली.

त्यापूर्वींच आणखी एक बदल झाला होता. १ जुलै १९९५ पासून बँकांच्या मुदत ठेवींच्या व्याजावर, तें ठराविक रकमेहून अधिक झाल्यास, उगमापाशींच करकपात सुरू झाली. १९२२ च्या कायद्यांत रोख्यांपुरती असलेली रीत अशा प्रकारें सामान्य ठेवीदाराच्या दारांत आली. साध्या बचत खात्याच्या व्याजावर अशी कपात नाहीं, हा त्यांतील दिलासा. परंतु निवृत्त मनुष्याची पुंजी बचत खात्यांत नसते. ती मुदत ठेवींत असते.

येथें निवृत्तीच्या वयाची कथा सांगणें अवश्य आहे. केंद्र सरकारच्या नोकरांचें निवृत्तीचें वय पूर्वीं ५५ होतें. १९६२ सालीं तें ५८ झालें आणि १९९८ सालीं ६०. करकायद्यांत मात्र 'ज्येष्ठ नागरिक' होण्याचें वय बराच काळ ६५ होतें. म्हणजे १९९८ नंतर पूर्ण मुदतीनें निवृत्त झालेल्या रेल्वेच्या नोकरासहि पांच वर्षें थांबावें लागे. रेल्वे म्हणे, 'तूं आतां म्हातारा झालास, घरीं जा'. आणि प्राप्तिकर म्हणे, 'तूं अद्याप म्हातारा झाला नाहींस, मागाहून ये.' २०११ सालीं करकायद्यानें आपलें वय ६५ वरून ६० वर आणिलें, आणि केंद्रीय नोकरीच्या व कराच्या पंचांगांतील म्हातारपण एका तिथीस आलें. ज्यांनीं पूर्ण मुदत भरली त्यांचा प्रश्न मिटला. ज्यांनीं मुदतीआधीं इंजिन सोडलें त्यांचा राहिला.

असे लोक थोडे नव्हते. २००४ सालीं रेल्वेनें ड्रायव्हर आणि गँगमन यांच्यासाठीं सुरक्षिततेशीं निगडित अशी एक निवृत्तियोजना काढली. गाडीची सुरक्षितता ज्यांच्या हातीं, त्यांचे हात थकलेले असूं नयेत, हा तिचा हेतु. ठरलेली सेवा झालेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या अशा नोकरानें स्वेच्छेनें निवृत्त व्हावें, आणि त्याचें मूल पात्र ठरल्यास त्यास नोकरी मिळावी, अशी ती व्यवस्था होती. २०१० सालीं ती विस्तारून सुरक्षिततेच्या इतर कामगारांसहि लागू झाली. पुढें पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानें, मागच्या दारानें होणारी ही भरती संविधानांतील समान संधीच्या तत्त्वाशीं जुळत नाहीं, असा अभिप्राय दिला; २०१७ सालीं योजना थांबली आणि २०१८ सालीं ती गुंडाळली गेली. न्यायाचा तो विचार योग्यच होता. परंतु त्या तेरा-चौदा वर्षांत देशभरच्या रेल्वेवस्त्यांतून जे लोक पन्नास ते सत्तावन्न या वयांत घरीं बसले, त्यांच्यापुढें एक चमत्कारिक स्थिति उभी राहिली.

त्याच २००४ सालीं सरकारनें ज्येष्ठ नागरिक बचत योजना आरंभिली. आरंभीं तिचें व्याज ९ टक्के होतें. तिच्यांत प्रवेशाचें वय ६०. परंतु जो नोकरींतून नियमानें अथवा स्वेच्छेनें निवृत्त झाला आहे, त्यास ५५ व्या वर्षीं प्रवेश मिळे. व्याज मात्र करपात्रच होतें. आतां बावन्नाव्या वर्षीं घरीं बसलेल्या गँगमनचा विचार करावा. रेल्वेच्या दृष्टीनें तो थकलेला होता, म्हणून तर त्यास मोकळें केलें. बचतीच्या योजनेच्या दृष्टीनें तो तीन वर्षांनीं थकणार होता. आणि कराच्या दृष्टीनें, २०११ पूर्वीं, त्यास थकावयास तेरा वर्षें अवकाश होता. एकाच सरकारच्या तीन खात्यांत एकाच मनुष्याचें वय तीन प्रकारें मोजलें गेलें.

याहून ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी, कीं १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या नोकरींत नव्यानें आलेल्यांस जुनें पेन्शन राहिलें नाहीं. त्यांच्यासाठीं वर्गणीची नवी पद्धति आली. म्हणून ज्या घरांत बापानें निवृत्त होऊन मुलास रेल्वेंत आणिलें, तेथें बापास पेन्शन होतें आणि मुलास पुंजी. १९५७ पूर्वींची फंडाची वाट निराळ्या नांवानें परत आली. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या एकीकृत पेन्शन योजनेनें निश्चित पेन्शनचा पर्याय पुन्हां पुढें केला, हा त्या वाटेवरचा अगदीं अलीकडचा सांधा होय.

बचतीच्या व्याजास पुन्हां थोडी जागा मिळाली ती २०१२ सालीं. '८० टीटीए' या कलमानें बचत खात्याच्या व्याजास १०,००० रुपयांपर्यंत वजावट दिली. मुदत ठेवीचें व्याज त्यांत नव्हतें. २०१८ सालीं '८० टीटीबी' हें कलम आलें. साठ वर्षें पूर्ण झालेल्यांस त्यानें ५०,००० रुपयांपर्यंत वजावट दिली, आणि तींत मुदत ठेवीचें व्याजहि धरलें. ज्येष्ठांस हा मोठाच आधार झाला. परंतु साठीच्या उंबरठ्यावर एक भिंत उभी राहिली. महाराष्ट्र राज्याच्या सेवेंत बहुसंख्य नोकरांसाठीं निवृत्तीचें वय ५८ ठरलेलें होतें. त्यामुळें जिल्हा परिषदेच्या शाळेंतून पूर्ण मुदत भरून, सत्कार होऊन, घरीं आलेला शिक्षकहि या भिंतीच्या अलीकडेच उरला. त्यानें मुदतीआधीं कांहींच सोडलेलें नसतांना करकायद्यानें त्यास दोन वर्षें 'मुदतीआधींचा' ठरविलें.

अंक मांडल्यास भिंतीची उंची कळेल. समजा, अशा शिक्षकास बचत खात्यावर ८,००० आणि मुदत ठेवींवर ४२,००० रुपये व्याज मिळालें. अठ्ठावन्नाव्या वर्षीं त्यास केवळ ८,००० ची वजावट मिळे आणि ४२,००० रुपये प्राप्तींत मिळविले जात. पेन्शनमुळें तो वीस टक्क्यांच्या पायरीवर असल्यास ८,४०० रुपये कर व त्यावर चार टक्के अधिभार ३३६ रुपये, मिळून ८,७३६ रुपये त्या व्याजावर द्यावे लागत. साठ वर्षें होतांच तोच मनुष्य, तीच ठेव आणि तेंच व्याज. परंतु त्या व्याजावरील कर शून्य. शिवाय माफीची मर्यादाहि जुन्या पद्धतींत साठीआधीं अडीच लाख आणि साठीनंतर तीन लाख.

भिंतीचा दुसरा भाग अर्जांत होता. आपणांस कर लागत नाहीं, तरी कपात करूं नये, असें बँकेस लिहून देण्यासाठीं १९६१ च्या अधिनियमाखालीं दोन नमुने होते. साठीवरील मनुष्यास '१५ एच'. साठीआंतील मनुष्यास '१५ जी'. पहिल्यास एकच अट होती, ती ही, कीं वर्षाचा कर शून्य असावा. दुसऱ्यास दोन अटी होत्या. कर शून्य असावा, आणि व्याजादि अशा प्राप्तीची बेरीजहि मूळ माफीच्या मर्यादेपलीकडे जाऊं नये. या दुसऱ्या अटींत वेळेआधीं निवृत्त होणारा मनुष्य अडकला. कारण ज्यास पेन्शन नाहीं, त्याची सर्व प्राप्ति व्याजाचीच असते.

२०२५ च्या अंदाजपत्रकानें नव्या करपद्धतींत १२ लाखांपर्यंतच्या सामान्य प्राप्तीवरील कर सुटीच्या रूपानें शून्यावर आणिला. या पद्धतींत वयाचा भेद नाहीं, आणि '८० टीटीए' व '८० टीटीबी' या दोन्ही वजावटीहि नाहींत. एका दृष्टीनें भिंतच पडली. परंतु दुसरी अट राहिली. समजा, सत्तावन्नाव्या वर्षीं खाजगी कारखान्यांतून स्वेच्छानिवृत्त झालेल्या मनुष्याची ६० लाखांची ठेव साडेसात टक्क्यांनीं आहे. वर्षाचें व्याज ४,५०,००० रुपये, कर शून्य. परंतु नव्या पद्धतींतील मूळ माफी चार लाखांची, आणि व्याज तीहून अधिक. म्हणून '१५ जी' देतां येत नाहीं. बँक दहा टक्क्यांप्रमाणें ४५,००० रुपये कापून घेते, आणि विवरणपत्र भरून तेच रुपये परत मागावे लागतात. तोच मनुष्य साठीचा असता, तर '१५ एच' देऊन मोकळा झाला असता. कपातीची मर्यादाहि त्या अंदाजपत्रकानें इतरांस ५०,००० आणि ज्येष्ठांस एक लाख अशी ठरविली. १९२२ च्या रोखेधारकाची जुनी तक्रार येथें पुन्हां ऐकूं येते. कर नाहीं, परंतु कराचा श्रम आहे.

फंडाच्या छत्राविषयींहि एक सावधगिरी सांगणें जरूर आहे. नोकरी सुटल्यावर कित्येक जण भविष्यनिर्वाह निधींतील रक्कम तशीच ठेवतात, आणि पूर्वींप्रमाणें तिचें व्याज करमुक्त आहे असें समजून निश्चिंत राहतात. परंतु नोकरी सुटल्यानंतरच्या काळांत जमलेलें व्याज करपात्र आहे, असा निर्णय बंगळूरच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणानें २०१७ सालीं दिला. नोकरींत असतांनाहि, १ एप्रिल २०२१ पासून, नोकरानें स्वतः भरलेली वार्षिक वर्गणी अडीच लाखांहून अधिक झाल्यास वरच्या भागाचें व्याज करपात्र झालें. जेथें मालकाची वर्गणी नसते, तेथें ती मर्यादा पांच लाखांची ठेविली. त्याचप्रमाणें स्वेच्छानिवृत्तीच्या एकरकमी मोबदल्यास, ठरलेल्या अटी पाळल्यास, १९६१ च्या अधिनियमांत पांच लाखांपर्यंत माफी होती. परंतु ती रक्कम बँकेंत ठेवल्यावर तिच्या व्याजास ती माफी लागू नव्हती. मुद्दलाची सूट व्याजास लागत नाहीं, हें एक वाक्य प्रत्येक निवृत्तानें गांठीस बांधून ठेवावें. १९६१ च्या अधिनियमाची जागा घेण्यासाठीं २०२५ चा नवा प्राप्तिकर अधिनियम संमत झाला आणि त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासून ठरला. कलमांचे व नमुन्यांचे क्रमांक यामुळें बदलतात; म्हणून अर्ज भरण्यापूर्वीं चालू वर्षाचा नियम बँकेंत किंवा जाणत्या मनुष्याकडे विचारून घेणें श्रेयस्कर.

या सर्व हकीकतींतून न्यायाचा प्रश्न कोणता निघतो? सरकारची बाजू दुबळी नाहीं. तरुणाचा रुपया आणि म्हाताऱ्याचा रुपया बाजारांत सारखाच चालतो. एकाच्या व्याजास सूट दिली, तर तिचा भार दुसऱ्याच्या पगारावर पडतो. सवलत देतांना कोठें तरी रेघ ओढावी लागते, आणि वयाची रेघ ही तपासावयास सोपी. आजारीपण, थकवा किंवा घाटांतील पाऊस यांचा दाखला करअधिकाऱ्यानें कसा तपासावा? परंतु दुसरी बाजूहि ऐकली पाहिजे. महागाई वाढत असतां व्याजाचा कांहीं भाग हा नफा नसतोच. मुद्दलाची झीज भरून काढण्याची ती केवळ डागडुजी असते. ठेवीवर सात टक्के व्याज आलें आणि बाजारभाव पांच टक्क्यांनीं चढले, तर खरी मिळकत दोनच टक्क्यांची. कर मात्र सातांवर आकारला जातो. पगारदाराची झीज महागाईभत्ता भरून काढतो, पेन्शनरचीहि काढतो. पुंजीवर जगणाऱ्याची झीज कोणी भरीत नाहीं. जो जितक्या लवकर निवृत्त होतो, तितकीं अधिक वर्षें ही झीज त्यास सोसावी लागते. म्हणून आधाराची गरज ज्यास दीर्घकाळ, त्यास आधार उशिरां, असा उलटा हिशेब झाला.

१९६७ चें जुनें कलम या बाबतींत शहाणें होतें. त्यानें वय न विचारतां रकमेची मर्यादा घातली. त्यामुळें लहान ठेवीदार आपोआप सुरक्षित झाला आणि मोठ्यास अवास्तव लाभ झाला नाहीं. २०२५ च्या नव्या पद्धतीनेंहि वयाची रेघ पुसून रकमेची रेघ ओढली, ही त्याच शहाणपणाकडे पुन्हां वळण्याची खूण मानावी. आतां उरलें आहे तें एवढेंच, कीं ज्यास कर नाहीं त्याच्या व्याजांतून आधीं कापावें आणि मग परत द्यावें, हा फेरा वयाकडे न पाहतां सर्वांसाठीं सारखा सोपा व्हावा.

इगतपुरीच्या स्थानकावर आजहि गाडी घाट चढून येते. कोळशाचीं इंजिनें गेलीं, १९३० च्या सुमारास विजेचीं आलीं, पुढें विजेचा प्रकारहि बदलला. परंतु चढण तीच राहिली, सदतीस फुटांस एक फूट. म्हणून गाडीस मागून हातभार देणारें इंजिन कोणी अद्याप काढून घेतलें नाहीं. कोणतें इंजिन जोडावयाचें हें ठरवितांना गाडी किती वर्षांची आहे असें कोणी विचारीत नाहीं; तिचा भार किती आणि चढण किती, एवढेंच पाहतात.